खंडेनवमीची चाळणी

लोक आमच्याकडे माती कशाकशात घेऊन येत, यावर एक वेगळा लेख होईल. कुणी पेढ्यांच्या खोक्यात आणायचं, कुणी जुन्या डब्यात, एकाने तर लग्नपत्रिकेच्या पाकिटात आणली होती. म्हसावदकडचे एक गृहस्थ मुलीसाठी स्थळ बघायला गेले आणि परत येताना मुलाकडच्यांच्या शेतातली मूठभर माती रुमालात बांधून थेट आमच्या टेबलावर ठेवली. "आते याना रिपोर्ट द्या, मंग पोर देवानी का नही ते ठरावसू," असं ते चक्क म्हणाले. सेंद्रिय कर्ब कमी निघाला. लग्न मात्र झालं, कारण मुलगा सरकारी नोकरीत होता.

नंदुरबारच्या एका संस्थेच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. गाव ब्राह्मणपुरी, घरी काळीची शेती, केळी आणि कापूस. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी या कामाला लागलो, तेव्हा वडील म्हणाले होते, "घरनी माती सोडीसन दुसरासनी माती चाळाले चालना." निवृत्त झालो तेव्हा मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, भाषणंही झाली. 'काटेकोर' हा शब्द चार जणांनी वापरला. त्या चारही वेळी मी मान खाली घातली आणि लोकांना वाटलं, हा विनय आहे.

या अंकासाठी मला गमतीजमती लिहायला सांगितलं आहे. गमती पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो की एकच प्रसंग पुढे येतो आणि तो गमतीचा नाही. मला त्याची लाज वाटते. घरात तो मी आजवर बोललेलो नाही.

आधी मातीचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. चिकणमातीचा कण भिंगाखालीही धड दिसत नाही, पण त्याची रचना पापडाच्या चळतीसारखी असते. पातळ पापुद्रे एकावर एक. या पापुद्र्यांवर ऋण भार असतो. पाण्यात विरघळलेले जस्ताचे, पालाशचे, चुन्याचे जे सूक्ष्म कण असतात, ज्यांना आम्ही आयन म्हणतो, त्यांच्यावर धन भार असतो. ऋणाकडे धन ओढलं जातं, आणि हे आयन मातीला चिकटतात. म्हणून तर पावसाने सगळं धुऊन तापीत जात नाही.

आता चिकटण्याचेही दोन प्रकार. काही आयन आपल्याभोवतीचं पाणी तसंच ठेवून मातीवर सैल बसतात. दुसरा आयन आला की उठतात, मुळांच्या हाती लागतात. पण जस्तासारखे धातू कणाच्या कडेला जाऊन तिथल्या ऑक्सिजनशी थेट जोडले जातात, मधे पाणी उरत नाही. एकदा असे बसले की ते सहजी सुटत नाहीत, आणि जितके दिवस जातील तितके घट्ट होतात. जमिनीत चुनखडी असेल तर आणखीच. म्हणजे शेतात जस्त असतं आणि पीक त्याच्यावाचून उपाशी राहतं. शेतकऱ्याला हे समजावताना माझा निम्मा जन्म गेला.

त्यामुळे आम्ही मातीतलं एकूण जस्त मोजत नाही. वाळवलेली, कुटून चाळलेली माती घ्यायची, तिच्यावर एक ठरावीक द्रावण ओतायचं, दोन तास हलवायचं. जे जस्त सैल बसलेलं आहे तेवढंच द्रावणात उतरतं. पिकालाही साधारण तेवढंच मिळणार, असा हिशेब. मग ते पाणी गाळून ज्योतीच्या यंत्रावर, म्हणजे द्रावण ज्योतीत फवारून त्यातला धातू मोजणाऱ्या यंत्रावर, लावायचं आणि आकडा वाचायचा. किलोभर मातीत एक मिलिग्रॅमही नाही, इतक्या बारीक मापावर 'कमी' की 'पुरेसे' हे ठरतं.

एवढ्या बारीक मापाला बाहेरचं जस्त चालत नाही. जस्ताचा मुलामा दिलेली बादली, घमेलं, पत्रा यांचा मातीला स्पर्श नको. खलबत्ता लाकडाचा, चाळणी नायलॉनच्या जाळीची. दाराशी मी स्वतःच्या अक्षरात फलक लावला होता, 'माती जस्ती भांड्यात आणू नये.' शहाद्याच्या एका बागायतदाराला मी जस्ती बादलीसकट परत पाठवलं होतं आणि त्याचा मला केवढा अभिमान.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. शेतकरी औतं पूजतो, सुतार करवत, तशी आम्ही तराजू, खलबत्ता, काचेची भांडी. प्रयोगशाळेचे मदतनीस धनराजनाना सगळं मांडायचे, ज्योतीच्या यंत्राला झेंडूचा हार घालायचे. मी सांगतोय त्या वर्षी नायलॉनची चाळणी काठाशी फाटली होती, मी ती दोऱ्याने शिवली होती. नाना ती हातात घेऊन म्हणाले, "साहेब, फाटेल चाळणी देवपुढे कशी मांडसूत? नवी आणा ना."

मलाही ते पटलं. वर्षभर जिच्यावर पोट भरतं ती फाटकी कशी मांडायची? मी बाजारात गेलो. नायलॉनची चाळणी तिथे कुठून मिळणार, ती मागवावी लागते. चकचकीत तारेची एक चाळणी मिळाली, तीच घेतली. तार जस्ती आहे हे मला दिसत होतं. पूजेपुरती आहे, असं मी मनाशी म्हटलं. पूजा झाली, तिला हळद-कुंकू लागलं, नारळाचं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी कामावर आलो तर नाना त्याच चाळणीने माती चाळत होते. मी म्हटलं, "नाना, ती नका वापरू." ते म्हणाले, "पूजा करेल वस्तू कोपरामा टाकानी काय?"

मला यावर उत्तर होतं. दाराबाहेर फलकावर लिहिलेलंच होतं. पण सणाच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, नायलॉनची मागवतो आणि मग बदलतो, असं म्हणून मी टेबलाशी जाऊन बसलो. मागवायचं राहिलं. पुढे हंगाम आला, नमुन्यांच्या थप्प्या लागल्या आणि चाळणीचा विषय माझ्या डोक्यातून पार गेला. तुम्ही म्हणाल, यंत्र कसं काही बोललं नाही? यंत्राची खात्री करायला आमच्याकडे ठरलेली माती असते. ती आधीच चाळलेली, बाटलीत बंद. तिचा आकडा रोज बरोबर यायचा. यंत्र उत्तम होतं.

पुढच्या वर्षभरात तालुक्यातालुक्यात जस्त 'पुरेसे' दिसू लागलं. संस्थेच्या बैठकीत मी उभं राहून सांगितलं की आपल्या मार्गदर्शनामुळे शेतकरी जागरूक झाला, जस्ताची कमतरता हटत चालली. टाळ्याही वाजल्या. त्या टाळ्यांची आठवण झाली की अजून कान तापतात.

मार्थाबाई पहिल्यांदा आली ती त्या खंडेनवमीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात. खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावर तिची भाताची तीन खाचरं. नवरा गुजरातेत कामाला, शेती सगळी तिच्या अंगावर. घरी ती कोकणी, म्हणजे इकडच्या कोकणा आदिवासींची बोली बोलायची, माझ्याशी बाजारातली मराठी. सांगितल्याप्रमाणे प्लॅस्टिकच्या स्वच्छ पिशवीत माती आणली होती, प्रत्येक पिशवीवर कोळशाने खूण. एवढं नीटनेटकं काम शहाद्याच्या पदवीधरांनीही केलं नसेल. त्यांना मी खुर्ची द्यायचो. तिला मी बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही.

"भाऊ, खालच्या खाचरात भात लाल पडते," ती म्हणाली. "लावून वीस दिवस झाले की पान गंजते. मग वाढत नाय, बसून राहते."

मातीच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल, हे जस्त कमी असल्याचं लक्षण. माझ्याही मनात तेच आलं. पण रिपोर्ट तयार झाला तेव्हा खालच्या खाचरापुढे 'पुरेसे' आलं. तिने डोळ्यांनी पाहिलेलं पीक एका बाजूला आणि माझा कागद एका बाजूला. मी कागद धरला.

"माती चांगली आहे तुझी," मी म्हणालो. "बी कुठलं लावतेस?"

बी तिच्या माहेरचं होतं. लाल कुसळाचा भात, शिजला की शेजारच्या घरापर्यंत वास जायचा. लग्न होऊन आली तेव्हा आईने टोपलीत घालून दिला होता. बाळंतिणीला पहिली पेज याचीच, नाताळच्या जेवणालाही हाच. आई गेली, भावांनी कापूस धरला, आता हे बी फक्त तिच्याकडे होतं. हे सगळं ती बाकावर बसून सांगत होती आणि मी पुढच्या माणसाची पावती बघत होतो.

"ते बी थकलंय," मी म्हणालो. "किती वर्षं तेच तेच लावणार? सोडून दे. सुधारित वाण घे."

"नक्की ना भाऊ?"

मी कागदावर बोट आपटलं. "हे मी नाही सांगत, हा कागद सांगतो."

तिने ऐकलं. का ऐकणार नाही? संस्थेचा शिक्का होता, माझी सही होती. त्या वर्षी तिन्ही खाचरांत तिने दुकानातलं बी लावलं. वरच्या दोन खाचरांत बरं आलं, खालचं पुन्हा गंजलं. पुढच्या उन्हाळ्यात ती परत आली, नवी माती आणि एक वाळलेलं पान घेऊन. मी पुन्हा तपासलं, म्हणजे नानांनी पुन्हा त्याच चाळणीने चाळलं, आणि पुन्हा 'पुरेसे'. मी म्हणालो, पाणी जास्त साचत असेल, बांध फोडून काढून दे.

जाताना ती दारात थांबली. "भाऊ, आईचं बी मडक्यात आहे थोडं. यंदा नाय पेरलं तर मग उगवणार नाय. एका कोपऱ्यात पेरू का?"

हा प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतो, कारण त्याचं उत्तर मी विचार न करता दिलं. "कशाला? दोन जातींची भेसळ होईल. खाऊन टाक."

तिसऱ्या वर्षी ती आली तेव्हा तिच्या हातात ढेकळं नव्हती. जुन्या लुगड्याच्या फडक्यात पिठासारखी बारीक माती बांधलेली. मी विचारलं, हे काय?

"घरीच कुटली, मुसळाने. मग फडक्यातून चाळली. मला वाटलं, आमची माती ढेकळाची, तुमच्या मशिनीला चाखता येत नसेल. भात खोटं नाय बोलत भाऊ. तिकडे काहीतरी कमी आहे."

मी हसलो, धनराजनानाही हसले. माती आधीच चाळलेली म्हणून नानांनी ती तशीच तोलून घेतली. संध्याकाळी आकडे वाचताना मी थांबलो. खालच्या खाचराचं जस्त मर्यादेच्या कितीतरी खाली होतं. यंत्र तपासलं, बाटलीतली ठरलेली माती लावली, बरोबर. पुन्हा तिची माती, पुन्हा कमी. मग नजर त्या फडक्याकडे गेली. ही माती आमच्या चाळणीतून गेलेली नव्हती, हे तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी नाना जेवायला गेले असताना मी फडक्यातली निम्मी माती तारेच्या चाळणीवर घासून घेतली आणि दोन्ही निम्म्या शेजारी शेजारी लावल्या. लुगड्यातली 'कमी', चाळणीतली 'पुरेसे'. तारेवरून खरवडून आलेलं ताजं जस्त मातीवर सैल बसलेलं असतं, कडेला जाऊन घट्ट व्हायला त्याला वेळच मिळालेला नसतो. आमच्या द्रावणाने ते सगळंच्या सगळं ओढून घेतलं होतं, आणि मी त्याला शेतातलं जस्त म्हणून सही करत आलो होतो. चाळणी पूजलेल्या खंडेनवमीपासून त्या दिवसापर्यंत, प्रत्येक कागदावर.

इथपर्यंत चूक होती. चूक माणसाकडून होते, तेवढ्यासाठी मी हा लेख लिहिला नसता.

संस्थेच्या मोठ्या साहेबांच्या खोलीपर्यंत मी गेलो होतो. दारात उभं राहिल्यावर मला निवृत्तीला उरलेले महिने दिसले, बैठकीतलं माझं भाषण आठवलं, दाराशी लावलेला माझाच फलक आठवला. सगळ्या गावांना कळवायचं म्हणजे संस्थेची शोभा, आणि माझी पहिली. मी परत फिरलो. चाळणी कागदात गुंडाळून माझ्या कपाटात मागे सारली, नायलॉनची मागवली. नानांनी विचारलं, "आपली चाळणी कोठे गई, साहेब?" मी म्हणालो, "जाळी सैल व्हई गयथी." नाना बिचारे म्हणाले, बरं केलं. नोंदवही मी उघडलीही नाही. किती नावं आहेत ते मोजायची भीती वाटली.

मार्थाबाई कागद न्यायला आली. त्या दिवशी मी तिला आत बोलावून खुर्ची दिली. ती अवघडून बसली. मी सांगितलं, जस्त कमी आहे, चिखलणीच्या वेळी झिंक सल्फेट टाका. पहिल्यांदाच मी तिला 'टाका' म्हणालो.

तिने कागद ओळीओळीने वाचला. वाचता येत होतं तिला, पाड्यावरच्या प्रार्थनेत तीच वाचायची. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बी चांगलं होतं ना भाऊ?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. खरं सांगायला एवढी सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नसती. मी म्हणालो, "माती बदलत असते ताई. मागच्या वर्षी पुरेसं होतं, यंदा कमी झालं. आणि बीसुद्धा जुनंच होतं तुमचं."

ती "बरं" म्हणाली आणि कागद घडी करून पिशवीत ठेवला. त्या वर्षी खालचं खाचर हिरवंगार आलं. नाताळच्या आधी ती मुद्दाम नंदुरबारला आली आणि माझ्या टेबलावर तांदळाची पिशवी ठेवली. "तुमच्यामुळे आलं," म्हणाली. मी नको नको म्हणत ती घेतली. "वास नाय त्याला," ती हसून म्हणाली, "पण पोट भरते." घरी बायकोने भात केला, मला दोन घास गेले नाहीत. पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

निवृत्त झाल्यावर वर्षभर मी लाल कुसळाचं बी शोधत फिरलो. धान्य महोत्सव पाहिले, नवापूरच्या पुढे गुजरातच्या हद्दीपर्यंत चौकशी केली. शेवटी एका प्रदर्शनात लालसर कुसळाचं, वासाचं बी मिळालं. किलोभर घेतलं आणि गाडीने खांडबाऱ्याला उतरलो. आपण भरपाई घेऊन चाललो आहोत, अशा थाटात.

मार्थाबाई अंगणात मका सोलत होती. माझ्यासाठी खाट टाकली, पाणी दिलं. मी पिशवी पुढे केली. तिने चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला, बाकीचे चोळून हुंगले. "चांगलं आहे," ती म्हणाली. "पण हे आमचं नाय."

मग मी सगळं सांगितलं. चाळणी, खंडेनवमी, लुगड्यातली माती, कपाट, आणि खुर्चीवर बसवून बोललेलं खोटं. ती मका सोलत ऐकत होती. मधे एकदाच हात थांबला. "तेव्हा मडक्यात पायलीभर होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला म्हणून पोरांना शिजवून घातलं. मी त्यातलं खाल्लं नाय. आईचं शेवटचं, मला गिळवलं नाय."

मी रडलो. साठी उलटलेला माणूस परक्या अंगणात रडतो हे लिहायला बरं वाटत नाही, पण रडलो. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. माफ केलं असतं तरी सुटलो असतो. तिने दोन्ही केलं नाही. कणसं टोपलीत टाकून तिने विचारलं, "तुमच्या वहीत माझ्या नावाच्या वर-खाली अजून नावं होती ना?"

"होती."

"त्यांना सांगितलं?"

मी नकारार्थी मान हलवली. तिने बियाण्याची पिशवी गाठ मारून माझ्या मांडीवर परत ठेवली. "मग हे मला कशाला? न्या. पुढच्या घरी लागेल."

त्या पुढच्या घरी मी अजून गेलेलो नाही. पिशवी घरात आहे आणि त्यातलं बीसुद्धा आता उगवायचं नाही. वही माझ्याकडे नाही, संस्थेत ती कुणी जपली असेल असं वाटत नाही, नावं मला आठवत नाहीत. म्हणून इथे लिहितो. नंदुरबार जिल्ह्यात ज्यांच्या घरात माझ्या सहीचा मातीचा कागद असेल आणि जस्तापुढे 'पुरेसे' लिहिलेलं असेल, त्यांनी माती पुन्हा तपासून घ्यावी. आणि त्या कागदाकडे बघून मी कुणाला तुमचं बी वाईट, तुमचं पाणी वाईट, तुमची मेहनत वाईट असं म्हणालो असेन, तर ते खोटं होतं. अडीच वर्षं ते मी नकळत म्हणालो. त्यानंतरचं सगळं जाणूनबुजून होतं.